तुमचं जे मत तेच आमचं

आमच्या घरात सकाळची पहिली भाकरी तव्यावर पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. तो कुणी ठरवलेला नव्हता, कुणाला कधी सांगितलेलाही नव्हता, पण होता. माय उठून चूल पेटवायची, काटवटीत ज्वारीचं पीठ घ्यायची, कढत पाणी ओतून मळायची, आणि पहिला गोळा काटवटीत ठेवून त्यावर तळवा टेकवून थांबायची. डोळे मिटायची नाही, ओठ हलवायची नाही. नुसता हात थांबायचा. चुलीत तुरीच्या काड्या तडतडायच्या, बाहेर अप्पा टिकावाचं टोक दगडावर घासत बसलेले असायचे, आणि मी गोधडीत पडल्यापडल्या त्या थांबलेल्या हाताकडं बघत राहायची. मग थप् थप् सुरू व्हायचं, काटवट डोलायला लागायची, भाकरी तव्यावर पडायची, आणि घर बोलायला मोकळं व्हायचं. माझ्या मायची प्रार्थना ती एवढीच. आता माझ्याकडं भाकऱ्या करायला बाई येते. ती खांद्याला मोबाईल दाबून बोलत बोलत भाकऱ्या थापते. मी तिला काही म्हणत नाही, तिची भाकरी माझ्यापेक्षा गोल होते. पण तिची पहिली भाकरी होईस्तोवर मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसते.

आम्ही कन्नड मुलखाच्या कडेला चिटगुप्प्यात, बाजारापासून लांब, गावाच्या खालच्या अंगाला राहत असू. अप्पा तांबड्या दगडाच्या खाणीत चिरे काढायचे. संध्याकाळी घरी आले की डोक्यापासून पायापर्यंत तांबडे, दात तेवढे पांढरे. आंघोळीचं पाणी न्हाणीतून बाहेर वाहायचं तेही तांबडं. रविवारी मात्र त्यांच्यापुरती खाण बंद. मुकादमाला किती बोंबलू दे, अप्पा रविवारी टिकावाला हात लावायचे नाहीत. पांढरं धोतर नेसून, केसांना तेल लावून, बायबल धडप्यात गुंडाळून काखेत मारायचं आणि निघायचं. आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू. तिथं अर्धी उपासना मराठीत, अर्धी कन्नडमध्ये चालायची, आणि पेटीवाला ज्या भाषेत सूर धरील त्या भाषेत गाणं व्हायचं. गल्लीत तर तीन भाषा. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि भांडण रंगात आलं की ते आपोआप दख्खनीत शिरायचं, कारण त्या भाषेतल्या शिव्यांना वजन जास्त. मायचं माहेर उदगीरकडचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला कन्नड म्हणजे 'बर्री', 'होग्री' आणि 'ऊट आयतेन', म्हणजे या, जा आणि जेवण झालं का, एवढंच येत होतं. तेवढ्यावर तिनं पहिली काही वर्षं निभावून नेली. त्या निभावून नेण्यातच पुढचं सगळं रामायण झालं, ते सांगायलाच मी बसलेय.

त्याआधी माय कशी होती ते कळायला हवं, नाहीतर तुम्ही तिला कडक समजाल. ती अजिबात कडक नव्हती. वेळ अमावस्येला अख्खा मुलूख रानात जेवायला जातो. भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, खिचडा, आणि सगळ्या शिवारात आरोळ्या. आमच्या शेजारची काशाक्का रानातनं परतली की डेरा अर्धा रिकामा करून आमच्याकडं आंबिल पाठवायची. देवळातल्या पाळकसाहेबांनी एकदा उपासनेत सांगितलं, की पूजेला लावलेलं अन्न विश्वासणाऱ्यानं खाऊ नये. त्या वर्षी आंबिल आली आणि आम्ही सगळे मायच्या तोंडाकडं बघायला लागलो. माय म्हणाली, "काशाक्कानं मला पाठवलीय. तिनं कुणापुढं ठिवली ते तिचं ती बघंल. मी माझ्या देवाचं नाव घेते नि पिते." आणि प्यायली. वर पितळी धुऊन त्यात गूळ-शेंगा घालून परत पाठवली, कारण आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं. पाळकसाहेबांना कुणीतरी जाऊन सांगितलंच. ते आले, बसले, मायनं त्यांच्यापुढंही आंबिलीची वाटी ठेवली. ते जरा वेळ वाटीकडं बघत बसले, आणि मग प्यायले. उन्हाळ्यात काशाक्काला ताप आला तेव्हा माय रोज तिच्या उशाशी जाऊन बसायची, आणि उठताना हात तसाच थांबवायची, काशाक्काच्या कपाळावर. काशाक्काला ती प्रार्थना आहे हे ठाऊक होतं. तिनं कधी हात काढ म्हटलं नाही.

मी दहावी पास झाले. आमच्या गल्लीतली पहिली मुलगी. त्या दिवशी अप्पांनी खाणीवर पेढे नेले आणि तांबड्या हातांनी वाटले. मला मास्तरीण व्हायचं होतं. आज सांगताना हसू येतं, पण मी शेळ्यांना ओळीत बांधून त्यांची हजेरी घ्यायची. गुलबर्ग्याला शिक्षिकांचं ट्रेनिंग होतं, दोन वर्षांचं, राहायला सरकारी वसतिगृह, जेवणखाण फुकट. अर्ज शाळेतूनच गेला होता, आणि पंधरा दिवसांत कागद आला की नाव लागलं. शाळेचा दाखला घेऊन हजर व्हा. मी दुसऱ्या दिवशी शाळेतून दाखला आणला, आणि मायनं पीठ मळायला घेतलं होतं तिथं चुलीपुढं बसून तिला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. नाव. बापाचं नाव. जन्मगाव. मग धर्म. तिथं लिहिलं होतं, हिंदू. त्याखाली जात, अप्पांच्या आज्यानं बाप्तिस्मा घेण्याआधी जी होती ती. मी ते वाचलं, आणि वाचताना मलाच कळेना आपण काय वाचतोय. मायचा हात पिठात थांबला. या वेळी तो प्रार्थनेचा नव्हता.

"परत वाच," ती म्हणाली. मी परत वाचलं.

"कुणी लिवलं ह्ये?"

"मला काय ठाव? पहिलीपासून तसंच हाय म्हणं. तिथनं हिकडं उतरून आलंय."

मायला हसू फुटलं. मला वाटलं हिला झालंय तरी काय. पिठाचे हात तोंडाला लावून ती हसत बसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं सांगितलं. मला पहिलीत घालायला तीच घेऊन गेली होती. राज्य नवीन झालेलं, शाळेत सगळं कन्नडमध्ये विचारा असा वरून हुकूम आलेला. गुरुपादप्पा मास्तर टेबलाशी बसलेले. एरवी ते आमच्याशी मराठीच बोलायचे, पण त्या दिवशी शेजारी तपासणीला आलेला साहेब होता. त्यांनी विचारलं, "मत यावुदव्वा?" कन्नडमध्ये मत म्हणजे धर्म. तुमचा धर्म कोणता, एवढाच प्रश्न. माय उदगीरकडची. तिला वाटलं मास्तर तिचं मत विचारायलेत, पोरीला कोणत्या वर्गात बसवायचं याबद्दल. एवढा शिकलेला माणूस आपलं मत विचारतोय म्हणून ती लाजली, पदर सारखा केला आणि अदबीनं म्हणाली, "तुमचं जे मत तेच आमचं, गुरुजी."

मास्तर हसले म्हणे, आणि काहीतरी लिहिलं. तुमचा जो धर्म तोच आमचा. झालं. साहेबापुढं पुन्हा विचारायची सोय नव्हती. जात त्यांनी गल्लीवरून घातली असणार, कारण आमच्या गल्लीत अर्धी घरं अजून जुन्याच धर्मात होती, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसायची.

अप्पांना सांगितलं तेव्हा तेही आधी हसले. मग गंभीर झाले. ती जागा राखीव यादीतली होती. माणूस ख्रिस्ती झाला की त्या यादीतून बाहेर, असा कायदा. तो आम्हाला सगळ्यांना पाठ होता. म्हणजे दाखल्यावरचा तो एक शब्द बदलला तर गुलबर्गा गेलं. आणि तसाच ठेवला तर कुणाला कळणारही नव्हतं. अप्पा मायला म्हणाले, "हे बघ, आपण खोटं बोललोय का? न्हाई. तू इचारलेल्याचं उत्तर दिलीस. मास्तरनं त्येच्या हातानं लिवलं. देवालाच पोरीला शिकवायचं आसंल म्हणून त्यानं तुझ्या कानात त्यो घोळ घातला."

"देव आसा घोळ घालत आसतो व्हय?" माय म्हणाली.

"कामून न्हाई घालणार? त्येला काय कन्नड येत न्हाई?"

मला अप्पांचं म्हणणं सोळा आणे पटत होतं.

इथं मला मध्येच थांबून एक सांगायचंय. आमच्या मंडळीत निम्म्या लोकांना दोन नावं होती, एक देवळातलं आणि एक कागदावरचं. देवळात सॅम्युएल, शाळेत शामराव. त्यातल्या कुणालाही मी नावं ठेवत नाही, तेव्हाही ठेवली नव्हती. सरकार म्हणायचं, तुम्ही देव बदलला, आता तुमची जात गेली, सवलत विसरा. आणि गावच्या विहिरीवर गेलं की वरून घागर ओतून द्यायचे, रहाटाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांच्या लेखी आमचं काहीच बदललेलं नव्हतं. म्हणजे मार खायला आम्ही तेच, आणि औषध मागायला गेलो की दुसरेच. त्याचा मला आजही राग आहे, चांगला सणसणीत राग. ज्यानं पोरांच्या शिक्षणासाठी शामराव लिहिलं त्यानं पोरांसाठी लिहिलं. मी जे केलं ते मी त्याच्यापेक्षा चांगली म्हणून केलेलं नाही. का केलं ते सांगते.

पाळकसाहेबांकडं अप्पा गेले. पाळकसाहेब भला माणूस. ते म्हणाले घाई करू नका, प्रार्थना करा, दार देवानं उघडलं असेल तर ते आपण लावू नये. अप्पा मोठ्या उत्साहानं घरी आले आणि म्हणाले, "झालं, साहेबबी तेच म्हणायलेत." मायनं ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, तूच घोळ करून ठेवलीस, आता तोंड शिवून कामून बसलीस, काय ते एकदा सांग. तर म्हणाली, "कागूद तुझाय, शांते. गुलबर्ग्याला तू ऱ्हाणार, मी न्हाई. मी सांगितलं तर ते माझं व्हईल."

पुढचे दोन-तीन दिवस सकाळी पहिल्या गोळ्यावर तिचा हात इतका वेळ थांबायचा, की गोळा सुकून त्याला भेगा पडायच्या आणि तिला परत पाणी लावून मळावा लागायचा. मला वाटलं, ही माझ्याविरुद्ध मागतेय. जागा जाऊ दे म्हणून मागतेय. शेवटी मी नियम मोडला. हात थांबलेला असतानाच विचारलं, "माय, काय मागायलीस तू रोज?"

तिनं हात काढला नाही. म्हणाली, "तू जे करशील ते मला सोसू दे म्हणून मागायलेय. दुसरं काय मागू?"

मी गोधडी डोक्यावरून घेतली.

त्याच दुपारी मी एक प्रयोग केला. त्याला दुसरा शब्द नाही. वसतिगृहात काय काय करावं लागेल याचा मी मनात सराव करत होते. नाव विचारलं तर शांता, ते सोपं, ते दोन्हीकडं चालतं. रविवारी कुठं जातेस म्हटलं तर मावशीकडं. गाणी म्हणायची नाहीत. बायबल न्यायचं नाही. आणि जेवणाआधी आभार मानायला डोळे मिटून मान खाली घालायची नाही, कारण दोन वर्षं, दोन्ही वेळेला, चाळीस मुलींच्या पंक्तीत बसून जेवायचं आणि कुणाच्या ध्यानात येऊ द्यायचं नाही. हे जमायला हवं म्हणून मी घरीच करून बघायचं ठरवलं. माय तुरीच्या रानात खुरपायला गेली होती. मी अंबाडीची भाजी घेतली, भाकरी मोडली, शेंगांची चटणी घेतली, वर तेल ओतलं. आणि उघड्या डोळ्यांनी, मान ताठ ठेवून, सरळ घास तोंडाकडं नेला.

हात तोंडाजवळ जाऊन थांबला. यात काही चमत्कार नव्हता, आवाजबिवाज आला नाही. जन्मापासूनची सवय, एवढंच. मी हाताला दामटून घास आत घातला, चावला, गिळला. गिळला गेला. दुसरा घेतला. तोही गेला. म्हणजे जमत होतं की. आणि जमतंय हे कळलं तेव्हा मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. अंबाडीची भाजी मला जीव की प्राण, आणि ती मी माझ्याच घरात चोर शिरल्यागत खात होते. मनात आलं, आज चोरून जेवले, उद्या गुलबर्ग्यात चोरून जेवेन, मग नोकरी लागेल तिथं, मग लग्नात, मग माझ्या पोरांना सांगेन की लोकांपुढं मान खाली घालू नका रे. कुणी पकडणार नव्हतं. पण आयुष्यभर जेवायचं म्हणजे किती जेवणं झाली? मी ताटावरून उठले नाही, अन्न टाकायची रीत नव्हती. मान खाली घातली, उशिरानं का होईना आभार मानले आणि उरलेली भाकरी खाल्ली. संध्याकाळी माय आली तशी तिला म्हटलं, "उद्या गुरुजीकडं जायचंय. तू चल."

तिनं डोक्यावरचा गवताचा भारा खाली टाकला. "का म्हणून?" असं विचारलं नाही. "चल की," म्हणाली.

अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी भाकरीचं ताट बाजूला सारलं आणि बाहेर जाऊन बसले. नंतर आठ दिवस ते आमच्याशी धड बोलले नाहीत.

दाखला हायस्कूलचा होता, पण दुरुस्ती जिथं पहिलं लिहिलं तिथूनच व्हायची. गुरुपादप्पा मास्तर त्याच प्राथमिक शाळेत हेडमास्तर झाले होते, निवृत्तीला आलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कानात केस. शाळा भरायच्या आधी आम्ही गेलो. मी सगळं सांगितलं. मत आणि मत यांचा घोळ सांगताना मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

"अव्वा," ते मायला म्हणाले, "मला त्या दिवशीच कळलं होतं."

मायनं पदर सारखा केला.

"तू काय समजलीस ते मला तवाच कळलं. साहेब उठून गेल्यावर दुरुस्त करता आलं असतं. न्हाई केलं. म्हटलं असू दे. खालच्या गल्लीतली पोरगी हाय, पुढं शिकली तर कामाला येईल. आज आलं बघ कामाला." मग माझ्याकडं वळले. "आणि तू ते खोडायला आलीस. लोक हेच लिवून द्या म्हणून माझे उंबरे झिजवतात, ठाव हाय का तुला?"

घोळ मोडायला आले होते, आणि तो घोळ नव्हताच. एका माणसानं माझ्यासाठी दहा-अकरा वर्षांपूर्वी गुपचूप ठेवलेली भेट होती ती. चूक परत करणं सोपं असतं. चांगुलपणा परत करायला फार जड जातं. मी म्हटलं, "गुरुजी, तुमचा उपकार मी मरस्तोवर विसरणार न्हाई. पण ते मला जेवताना टोचतंय."

"जेवताना?"

मी त्यांना जेवणाचं सांगितलं. ते ऐकत राहिले. नंतर म्हणाले की त्यांच्या आईनंही गळ्यातलं लिंग हातात घेतल्याशिवाय आयुष्यात कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिला कुणी दोन वर्षं घेऊ नको म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. ड्रॉवरमधून कोरा कागद काढला. "जागा जाणार बघ. एकदा खोडलं की परत माझ्याकडं यायचं न्हाई."

"न्हाई येणार."

अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. 'माझी मुलगी' असं पालकानं लिहायचं म्हणून मायच्या वतीनं लिहिला, मराठीतच, मास्तर म्हणाले चालेल. माझी मुलगी शांता हिचा धर्म चुकीनं अमुक लागला आहे, तो ख्रिस्ती असा दुरुस्त करावा. खाली डाव्या हाताच्या अंगठ्याची जागा सोडली. मास्तरांनी शाईचं पॅड पुढं केलं. मायनं अंगठा शाईत टेकवला आणि मला विचारलं, "त्यो शब्द कुठला? दाव."

"कुठला शब्द?"

"आपला."

मी बोट ठेवून दाखवला. अंगठा खाली करायचा हे तिला पक्कं माहीत होतं; दुष्काळी कामाच्या कागदांवर तिनं ढिगानं अंगठे दिले होते. तिनं वाकून तो शब्द नीट बघून घेतला आणि नेमका त्याच्यावर अंगठा दाबला.

"अव्वा," मास्तर म्हणाले, "अक्षर झाकलं की."

"झाकलं न्हाई, गुरुजी," माय म्हणाली. "धरलंय."

मास्तरांनी दुसरा कागद काढला नाही. निळ्या अंगठ्याखालून अक्षरं दिसत होती तेवढी पुरेत म्हणाले, आणि तोच अर्ज वर पाठवला.

जागा गेली. महिन्याभरानं कागद आला, यादीतून नाव कमी केल्याचा, दोन ओळींचा. मी रडले नाही असं सांगायला मला आवडलं असतं, पण मी काशाक्काच्या गोठ्यात जाऊन पोटभर रडले. मास्तरीण व्हायचं राहिलं ते कायमचंच राहिलं. पुढं काही वर्षांनी नर्सिंग केलं, औरादपासून आळंदपर्यंत दवाखान्यांमधून बाळंतपणं केली, मादन हिप्परग्यात तर निम्मं गाव माझ्या हातावर जन्मलंय. त्या कामात मी जीव ओतला आणि त्या कामानं मला खूप दिलं. तरी आजसुद्धा शाळेवरून जाताना आतून पाढ्यांचा आवाज आला की मी दोन मिनिटं थांबते. देवानं त्याच्या बदल्यात हे दिलं असं लोक म्हणतात. मी असलं म्हणत नाही. ते गेलं, आणि हे मिळालं.

तो दोन ओळींचा कागद अप्पांनी माझ्या हातातून घेतला, उंबऱ्यात उजेडाला धरून, बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचला, आणि घडी करून खिशात टाकला. त्या रविवारी आम्ही देवळात गेलो. आमच्याकडं उपासनेच्या मध्यावर साक्षीची वेळ असायची. ज्याच्यावर देवाची कृपा झाली त्यानं उभं राहून सांगायचं आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. कुणी म्हणालं हरवलेली म्हैस सापडली. आमेन. कुणाचा ताप उतरला, कुणाच्या लेकीचं जमलं. आमेन, आमेन. आणि पुरुषांच्या बाजूला अप्पा उठले. अप्पा साक्षीला कधी उठत नसत, त्यांना चारचौघांत बोलायला जमायचं नाही. मायनं माझा हात धरला. अप्पांनी खिशातून तो कागद काढला, उघडला नाही, नुसता हातात धरला.

"माझी लेक पास झाली, ते समद्यास्नी ठाव हाय," ते म्हणाले. "गुलबर्ग्याला जागा लागली हुती. ती गेली. लेकीनं सोडली. कागदावर दुसरंच लागलं हुतं, तिनं जाऊन सांगितलं, मी ख्रिस्ती हाय. मला राग आला हुता. मी तिच्याशी बोललो न्हाई, भरलं ताट सारलं." त्यांनी छताकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. "आता आभार मानायचेत. जागेचे न्हाईत, ती गेली. लेकीचे."

आणि बसले.

आमेन कुणी म्हणेना. जागा गेल्यावर आमेन म्हणायचं का, हेच कुणाला कळेना, आणि त्या देवळात बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरी ट्रंकेत दुसऱ्या नावाचे कागद होते. पाळकसाहेबांनी गीताचं पुस्तक उघडलं, परत मिटलं. पेटीवाला खाली बघायला लागला. सगळ्यांनी एकेक करून मान वळवून माझ्याकडं बघितलं. अशा वेळी मुलीनं मान खाली घालायची असते, मलाही तेच शिकवलेलं होतं. मी घातली नाही. वेणी पुढं घेतली, पाठ ताठ केली आणि एकेकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बघत बसले, सॅम्युएलकाकांपासून पाळकसाहेबांपर्यंत. गर्व हे पाप आहे असं पाळकसाहेब नेहमी सांगायचे. त्या रविवारी मी ते भर देवळात, पांढरं धोतर नेसलेल्या माझ्या बापाकडं बघत बघत केलं, आणि इतकी वर्षं रोज प्रार्थना करते, पण त्याची माफी मी अजून मागितलेली नाही.